मोरीजवळ उगवलेलं कोलियस : घरच्या घरी नवं वाण काढता येतं का?

तापीकाठ (चोपडा) | १२ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी, फरशीच्या फटीत एक कोलियस (रंगीत पानांचं शोभेचं झाड) आपोआप उगवलंय. वीतभर झालं तेव्हा माझं लक्ष गेलं. माझ्याकडे कोलियसच्या दोनच जाती आहेत. एक गडद मरून, पोपटी काठाची. दुसरी पिवळी, लाल शिंतोडे असलेली. फटीतल्या रोपाचं पान शेंदरी आहे, मधली शीर पिवळी आणि कातरलेल्या कडेवर मरून रेघ. आईबापांपैकी कुणावरच गेलेलं नाही. सकाळी साडेसातला कौलावरून ऊन उतरतं तेव्हा पान आतून पेटल्यासारखं दिसतं. आठ दिवस झाले, मी चहा तिथेच उभी राहून पिते.

मुलगी म्हणते, "आई, हे आपलं स्वतःचं वाण." खरंच असं म्हणता येतं का? आणि हे आपोआप झालं, तर ठरवून करता येईल का? घरात लावायच्या शोभेच्या पानांच्या झाडांत कुणी असं काही करून पाहिलंय का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, हे लक्षात घेऊन सांगा.

भुसावळकर | १२ ऑक्टोबर

आधी फोटो टाका! आणि फटीतून उपटू नका, मूळ तुटेल. शेंड्याची चार बोटं फांदी कापून पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतील. मूळ झाड गेलं तरी वाण हातात राहील.

पांझराकाठ (धुळे) | १२ ऑक्टोबर

ताई, हाई काम भलतं भारी शे. करा करा.

कपाशीचं बोंड (धरणगाव) | १३ ऑक्टोबर

ठरवून करता येतं, आणि आपल्या भागातल्या लोकांना तर ते नवीन नाही.

माझी आई कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे हातानं संकर करायला जायची. शाळा सुटली की मी तिथेच. दुपार कलली की बायका मादीच्या ओळीत शिरायच्या. उद्या उमलणार अशी कळी बोटांना बरोबर कळायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांची टोपी आणि पुंकेसरांची नळी एका झटक्यात सोलून काढायची, आतला दांडा जराही दुखवायचा नाही. मग वर लाल कागदाची पिशवी. सकाळी नराची फुलं खुडून आणायची आणि एकेक फूल त्या दांड्यावर हलकेच फिरवायचं. एका नर फुलात पाच मादी फुलं निघत. मग दोरा बांधायचा, म्हणजे वेचणीला ते बोंड वेगळं ओळखू येतं.

जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी एच-४. ती १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी दिली. तिच्यामागेही हेच हातकाम होतं. तुमच्या कोलियसला तेच करायचं, फक्त फूल बारीक. सुई आणि चिमटा लागेल.

कपाशीपेक्षा तुमचं काम एका बाबतीत सोपं आहे. संकरित कपाशीचं बी दरवर्षी नव्यानं क्रॉस करून काढावं लागतं, कारण शेतकऱ्यानं ठेवलेलं बी पुढच्या वर्षी वेगवेगळं निघतं, एकसारखं येत नाही. कोलियसमध्ये शंभर रोपांत एक मनासारखं निघालं की झालं. पुढे बी नको, फांदी लावत जायचं. प्रत्येक फांदी म्हणजे तेच झाड.

माळीणबाई (धुळे) | १३ ऑक्टोबर

मी रोपवाटिका चालवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नवं वाण दोन वाटांनी येतं. एक संकर, जो तुमच्या फरशीवर मधमाश्यांनी केला. दुसरी वाट म्हणजे फुटवा बदलणं. झाड तेच, पण एखाद्या फांदीवर अचानक वेगळं पान येतं. आम्ही त्याला 'स्पोर्ट' म्हणतो. कुंडीतल्या कितीतरी नावाजलेल्या जाती अशाच सापडलेल्या आहेत. स्नेक प्लांटची बुटकी, पक्ष्याच्या घरट्यासारखी जात 'हानी' १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत उंच जातीच्या रोपांमध्ये दिसली. कुणी ती तयार केली नव्हती. ती वेगळी आहे हे कुणीतरी ओळखलं, एवढंच.

आणि 'एनजॉय' मनीप्लांट माहीत आहे ना, लहान पानं, पांढरे-हिरवे मोठे ठिगळ? तो आपल्या महाराष्ट्रातला, बोईसरचा! मार्बल क्वीन या मनीप्लांटच्याच जातीमधून बदललेलं रोप तिथे वेगळं काढलं, वाढवलं आणि पुढे अमेरिकेत त्याचं पेटंट झालं. जगभर लोक तो डॉलर मोजून घेतात. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगते.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. क्रॉसिंगच्या आधी बघायला शिका. रोज पाणी घालताना प्रत्येक कुंडीकडे दोन क्षण नीट बघणं हेच अर्धं काम.

यावलचा केळीवाला | १४ ऑक्टोबर

माळीणबाईंच्या म्हणण्यात भर घालतो. आमच्याकडे केळीची टिश्यू कल्चर रोपं येतात. ग्रँड नैन या केळीच्या जातीनं इथली शेतीच बदलून टाकली. प्रयोगशाळेत एका कंदाच्या कोंबापासून हजारो रोपं करताना काही रोपं बिघडतात. बुटकी राहतात, पानावर पट्टे येतात, पान जाड होतं. रोपं बाहेरच्या हवेला सरावतात त्या शेडमध्ये अशी रोपं वेचून फेकतात आणि फेकलीच पाहिजेत, कारण त्यांना घड धड येत नाही.

शोभेच्या झाडांत तेच रोप सोन्याचं होतं! पानावर पट्टा आला की लोक धावतात. 'थाई कॉन्स्टेलेशन' नावाचा शिंतोड्यांचा मॉन्स्टेरा (मोठ्या, कातरलेल्या पानांचं शोभेचं झाड) थायलंडमधल्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळेतूनच बाहेर आला. मी शेडवर जातो तेव्हा फेकलेल्या रोपांच्या ढिगाकडे आता वेगळ्या नजरेनं बघतो. मागच्या वर्षी पांढऱ्या पट्ट्याचं एक केळीचं रोप घरी आणून कुंडीत लावलं. तीन पानं फार सुंदर आली, चौथं पूर्ण हिरवं. ते झाड अजून ओट्याजवळ आहे. बायको त्याच्या पानावर नैवेद्य वाढते.

व्यवहारी माणूस (जळगाव) | १४ ऑक्टोबर

छंद म्हणून ठीक आहे, पण प्रामाणिक मत देतो. कोलियसचं रोप बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळतं. नवं वाण काढलं तरी पहिलं रोप विकलं की घेणारा फांदी लावून दहा करणार. शंभर रोपं वाढवून नव्व्याण्णव फेकायची, त्याला पाणी, जागा, वेळ. मे महिन्यात प्यायच्या पाण्याची ओढ असते तिथे हे परवडतं का? मला पटत नाही.

तापीकाठ | १४ ऑक्टोबर

@व्यवहारी माणूस, पाण्याचा मुद्दा रास्त आहे. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं आणि रोपं लहान असताना वाटीभर पाण्यात सगळ्यांचं भागतं. विकायचं मनात नाही. जगात कुठेही नसलेलं पान माझ्या मोरीजवळ आलं आणि मी ते जपलं, मला एवढंच पुरे आहे.

माळीणबाई, "बघायला शिका" हे लिहून फ्रिजवर लावलंय.

वनस्पतीवेडी (नंदुरबार) | १५ ऑक्टोबर

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. धागा बघून राहवलं नाही.

कोणतं झाड निवडता यावर सगळं अवलंबून आहे. मनीप्लांट निवडाल तर आयुष्य जाईल, तो फुलतच नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं त्याचं एक जनुक काम करत नाही. हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणून त्याच्या सगळ्या जाती फुटवा बदलूनच आलेल्या.

अ‍ॅग्लोनेमा, डायफेनबेकिया, कॅलेडियम, फिलोडेंड्रॉन ही अळूच्या कुळातली. या झाडांत एका दांड्यावर खाली मादी फुलं, वर नर फुलं. मादी आधी तयार होते, पराग नंतर सुटतात, म्हणजे स्वतःचे पराग स्वतःला मिळू नयेत अशी सोय. मादी तयार असते तेव्हा तिच्यावर चिकटपणा येतो आणि त्याच वेळी दुसऱ्या झाडाचे ताजे पराग हाती असावे लागतात. हा मेळ जुळवणं हीच खरी परीक्षा. सेलोम फिलोडेंड्रॉन बागेत असेल तर फूल उमलण्याच्या संध्याकाळी आतल्या दांड्याला बोट लावून बघा. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा गरम लागतो. ती उष्णता झाड स्वतः तयार करतं, वास पसरवून भुंगेरे बोलावण्यासाठी.

फुलं एकाच वेळी यावीत म्हणून फ्लोरिडातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी डायफेनबेकियावर जिबरेलिक अ‍ॅसिड फवारलं, २५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५० भाग) आसपास, आणि काही महिन्यांत फुलं आली. द्राक्षवाल्यांचं 'जीए' ते हेच.

आज बाजारात दिसणारे लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनेमा कुठून आले? सगळे जुने अ‍ॅग्लोनेमा हिरवे-चंदेरी. सुमात्राच्या जंगलात 'रोटंडम' नावाची छोटी जात आहे, तिच्या पानांत लाल रंग. इंडोनेशियात बोगोरच्या ग्रेगरी हंबाली यांनी १९८० च्या दशकात तिचा संकर करून 'प्राइड ऑफ सुमात्रा' काढलं. तिथून पुढे ही सगळी लाल रांग लागली.

पण ताई, तुम्ही कोलियसच धरा. ते तुळशीच्या कुळातलं, सोपं आणि लवकर फळ देणारं.

भुसावळकर | १५ ऑक्टोबर

वाचनखूण साठवली. ते तापाच्या कपाळाचं वाचून रात्री टॉर्च घेऊन शेजाऱ्यांच्या सेलोमजवळ गेलो होतो. फूल नव्हतं, पण शेजाऱ्यांशी दोन वर्षांनी नीट बोलणं झालं.

हिरवी गल्ली (अमळनेर) | १६ ऑक्टोबर

माझा कडू अनुभव सांगते, कुणाचे पैसे वाचतील. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून गडद गुलाबी पानांचं फिलोडेंड्रॉन घेतलं, साडेतीन हजार. सहा महिन्यांत एकेक नवं पान हिरवं येत गेलं. मी खत बदललं, खिडकी बदलली, स्वतःलाच दोष दिला. नंतर कळलं की 'पिंक काँगो' नावानं विकतात ते वाणच नसतं. हिरव्या झाडावर रसायनाचा प्रयोग करून काही पानं गुलाबी केलेली असतात आणि असर उतरला की झाड मूळ रंगावर येतं. फार वाईट वाटलं. पैशांपेक्षा, रोज पानाची वाट बघितली होती त्याचं.

वनस्पतीवेडी | १६ ऑक्टोबर

@हिरवी गल्ली, तुमची काही चूक नव्हती. यावरून एक महत्त्वाची गोष्ट. पानावरचा रंग कुठून येतो ते कळल्याशिवाय क्रॉस करू नका.

रंग जनुकांत असेल तर संकरातून पुढे जातो. डायफेनबेकियाच्या पानावरचे ठिपके असेच एका प्रभावी जनुकामुळे येतात. पण पांढरे पट्टे पुष्कळदा दोन प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी वाढल्यामुळे येतात. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान कापून मातीत खोचलं तर पिलं नुसती हिरवी येतात, काठ हरवतो. काठ हवा तर कंद फोडूनच लावावा लागतो.

आणि तिसरी तऱ्हा गुलबक्षीची. संध्याकाळी फुलणारी, अंगणातली. तिच्या ठिपकेदार झाडावर हिरवी, पांढरी आणि मिश्र अशा तिन्ही फांद्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ कोरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवलं की बी ज्या फांदीवर धरतं तिच्यासारखी रोपं येतात, पराग कुठलेही असोत. हिरवेपणाचे कण फक्त आईकडून येतात. पांढऱ्या फांदीची रोपं उगवतात आणि थोड्या दिवसांत मरतात, अन्न करायला हिरवं काही नसतं म्हणून. तेव्हा पांढरा पट्टा हवा असेल तर कोणतं झाड आई करायचं, ते आधी ठरवा.

वरणबट्टी (पारोळा) | १७ ऑक्टोबर

आई महत्त्वाची हे खान्देशात वेगळं सांगायला लागतं का? 🙂

नाव काय ठेवणार ते सांगा. शेंदरी पान, पिवळी शीर... माझ्या मते 'शेवभाजी'. वर तर्री, खाली शेव.

पांझराकाठ | १७ ऑक्टोबर

'कानबाई' ठेवा, आपल्या खान्देशच्या देवीचं नाव. शेंदूर, हळद, सगळं आहे त्या पानात.

माळीणबाई | १७ ऑक्टोबर

'कानबाई' फार सुंदर. नावावरून आठवलं, असलेल्या जातीला नवं नाव देऊन विकणं आमच्या धंद्यात सर्रास चालतं. त्यानं नुकसान सगळ्यांचं होतं. एकच कोलियस मी पाच नावांनी विकत घेतलंय. ताई, नाव देण्याआधी तुमचं पान इतर जातींशी ताडून बघा.

कायद्याचं पान (जळगाव) | १८ ऑक्टोबर

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे रोपाला पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. वाण इतरांपेक्षा वेगळं हवं, एकसारखं हवं आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच टिकणारं हवं. नोंद झाली की झाडं आणि वेलींना १८ वर्षं, बाकीच्या पिकांना १५ वर्षं संरक्षण. शेतकरीही स्वतःचं वाण नोंदवू शकतो. मात्र केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या पिकांचीच नोंद होते, म्हणून आधी यादी बघा. आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट. ते एका माणसाच्या वाणाला नसतं, प्रदेशाला असतं.

यावलचा केळीवाला | १८ ऑक्टोबर

वांग्याचा विषय काढलात तर सांगतोच. आजी पहिल्या बहरातलं सगळ्यात देखणं वांगं झाडावरच ठेवायची, पिवळं पडेपर्यंत. त्याला चुन्याचं बोट लावायची म्हणजे कुणी तोडत नसे. आम्हा पोरांना त्याचं भरीत खायचं असायचं आणि ती हात लावू द्यायची नाही. वाण असंच राखलं जातं. आज थंडी पडायच्या आधीच भरिताची आठवण आली बघा, कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात.

तापीकाठ | २९ नोव्हेंबर

कोलियसला मंजिऱ्या आल्या! दिवस लहान झाले तशा दोन्ही जाती एकदमच फुलल्या. आता नेमकं काय करू?

कपाशीचं बोंड | २९ नोव्हेंबर

निळी फुलं जवळून बघा. खालची पाकळी होडीसारखी आहे, तिच्यात चार पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर झोपलेले असतात. आईच्या मंजिरीवरची उमललेली फुलं आधी खुडून टाका. उद्या उमलणारी कळी सुईनं खालून चिरून चारही पुंकेसर काढा. स्त्रीकेसराचं टोक दुभंगलं की दुसऱ्या झाडाचं ताजं फूल त्यावर टेकवा. मंजिरीला जाळीची पोटली बांधा, नाहीतर मधमाशी तुमच्या आधी काम उरकेल. एका फुलात चारच बिया, खसखशीएवढ्या. बोंडासारखी वाट बघू नका, वाळलं की गळून जातं.

माळीणबाई | ३० नोव्हेंबर

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन उन्हात उडतं. आईचं नाव आधी, बापाचं नंतर, तारीख. आणि बी पेरताना मातीनं झाकू नका, त्याला उजेड लागतो. कोकोपीटवर नुसतं भुरभुरा, वरून झारी नको, खालून पाणी द्या.

तापीकाठ | १६ जानेवारी

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी आणलेल्या जाळीच्या पोटल्या मंजिऱ्यांना बांधल्या होत्या. काल बायका वाण लुटायला आल्या आणि विचारायला लागल्या, झाडाला कशाला वाण दिलं? मी म्हटलं, झाडच मला वाण देणार आहे. आज पोटल्या उघडल्या. दोन्ही बाजूंनी मिळून ७१ बिया.

भुसावळकर | १६ जानेवारी

वा! हे वाचून अंगावर काटा आला.

तापीकाठ | २० मार्च

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलं, ५२ उगवली. पहिली दोन पानं सगळ्यांची सारखीच, मळकट हिरवी. मी हिरमुसले होते. चौथ्या पानापासून रंग चढायला लागला आणि आता गच्चीवर ५२ वेगळी झाडं आहेत. अक्षरशः दोन सारखी नाहीत. एक जवळजवळ काळं. एकाची कडा झालरीसारखी.

@व्यवहारी माणूस, बरीच रोपं काढून टाकावी लागणार, तुम्ही म्हणाला होतात तसं. हात धजत नाही.

व्यवहारी माणूस | २० मार्च

ताई, फोटो बघितले. तेरा नंबरचं फेकणार असाल तर मला द्या. खरंच.

वनस्पतीवेडी | २१ मार्च

रंगावर निवडू नका अजून. आपल्याकडची खरी निवड एप्रिल-मे करतो. हिरव्या जाळीखाली सगळ्यांना सारखं ठेवा, लाड कुणाचे नको. पान करपतं का, रंग उडतो का, दुपारी माना टाकलेलं संध्याकाळी उठतं का, हे लिहून ठेवा. शिवाय उशिरा फुलणारं रोप निवडा. मंजिऱ्या लवकर आल्या की पानं लहान आणि झाड खंगतं.

तापीकाठ | १४ जून

आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) पंधरा दिवसांत निकाल लागला. ५२ पैकी १९ गेली, गोणपाट ओलं करून बांधलं होतं तरी. काळं पहिल्या आठवड्यातच गेलं, त्याचं मला फार वाईट वाटलं. झालरवालं जगलं पण रंग पार उडाला. सहा रोपं रंगासकट टिकली.

व्यवहारी माणसांचं तेरा नंबर त्या सहांत आहे. जळगावला येणाऱ्या बसनं पाठवते, कंडक्टर ओळखीचे आहेत.

आणि फरशीच्या फटीतलं मूळ रोप, जिथून हे सुरू झालं, ते भर उन्हात, बिनजाळीचं, धुण्याच्या पाण्यावर अजून उभं आहे. खालची पानं गळाली, शेंडा शेंदरीच आहे. त्याच्या चार फांद्या लावल्यात. चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, 'कानबाई'. यंदा मंजिऱ्या आल्या की आई तिलाच करणार.

पांझराकाठ | १४ जून

एक फांदी धुळ्यालाबी धाडा वं ताई. पोष्टाना खर्च मना (माझा).